ठेव, न्यास आणि दिवाळे

एखाद्या पेढीचे दिवाळे निघाले म्हणजे लोक पहिला प्रश्न विचारतात तो पैसा किती उरला, हा. आमच्या मते त्याच्याही आधीचा प्रश्न निराळा आहे: जो उरला तो कोणाचा? तिजोरीत सापडलेले द्रव्य पेढीचे स्वतःचे असेल, तर ते साऱ्या धनकोंनी प्रमाणशीर वाटून घ्यावयाचे. पेढीने ते दुसऱ्याकरिता विश्वस्त म्हणून सांभाळलेले असेल, तर धनकोंनी त्यास हातही लावता कामा नये. विश्वस्त संस्थांच्या दिवाळ्याचा सारा इतिहास या एका भेदाभोवती फिरत आला आहे. आणि तो समजावून घेण्याची गरज का पडावी, हे बीड जिल्ह्यातील श्रोत्यांना निराळे सांगावयास नको.

हा भेद परदेशातून आला, असे कोणी समजू नये. मनुस्मृतीने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत पहिले ऋणादान व दुसरे निक्षेप. कर्ज वेगळे, ठेव वेगळी. याज्ञवल्क्यस्मृतीत उपनिधीचे स्वतंत्र प्रकरण आहे. आणि त्या स्मृतीवरील मिताक्षरा ही विज्ञानेश्वराची टीका तर कल्याणीच्या चालुक्यांच्या, म्हणजे आपलाही मुलूख ज्यांच्या सत्तेखाली होता त्यांच्याच राज्यात लिहिली गेली. उपनिधी म्हणजे पेटीत घालून, आत काय आहे हे न सांगता दुसऱ्याच्या हाती सोपविलेली वस्तू. ती जशी दिली तशीच परत करावयाची. राजाने नेली, दैवाने नष्ट झाली किंवा चोरांनी लांबविली, तर सांभाळणाऱ्यावर दोष नाही. परंतु त्याने आपल्या मर्जीने ती वापरून तीवर उपजीविका केली, तर तो दंडास पात्र. शिवाय ती वाढीसह भरून देणे त्यास भाग. सारांश, ठेव ही सांभाळावयाची, वापरावयाची नव्हे.

पेढीचा धंदा मात्र नेमका वापरण्यावर चालतो. बीड ज्या निजामी राज्यात होते, त्याच राज्याच्या राजधानीत विल्यम पामर याने १८१४ साली पेढी काढली. १८१६ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने तिला निजामाशी देवघेव करण्याची परवानगी दिली, आणि १८२० साली साठ लाखांच्या कर्जाचे प्रकरण उभे राहिले. रेसिडेंट मेटकाफ याने या व्यवहारावर कडक ताशेरे झाडले. कंपनी सरकारने आधार काढून घेतला व १८२४ साली पेढी बुडाली. ज्यांनी पेढीच्या इभ्रतीकडे पाहून तीत आपला पैसा ठेवला होता, त्यांच्या वाट्यास काय आले? निराळी बांधून ठेवलेली अशी त्यांची थैली नव्हतीच. ते धनकोंच्या रांगेत उभे राहिले.

ही रांग कायद्याने पक्की केली ती १८४८ साली. फोली विरुद्ध हिल या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, बँकेत भरलेला पैसा बँकेचा होतो. बँक ही ग्राहकाची विश्वस्त नसून ऋणको असते. आपल्याला व्याज मिळते ते याच कारणाने. स्वामित्व सोडले, त्याचा तो मोबदला. जुना ‘ठेव’ हा शब्द आपण तसाच चालू ठेवला. त्यातील वस्तू मात्र निक्षेपाच्या पदातून ऋणाच्या पदात जाऊन बसली.

मग खरा विश्वस्त उरला कोठे? तोही उरला. १८८२ च्या न्यास कायद्याने विश्वस्ताला न्यासाच्या मालमत्तेतून स्वतःचा लाभ करून घेण्याची बंदी केली. त्याने ती आपल्या पैशात मिसळली, तर हितधारकाचा बोजा साऱ्या मिश्रणावर चढेल असे ठरविले. १९०९ च्या नादारीच्या कायद्याने स्पष्टच म्हटले की, नादाराने दुसऱ्यासाठी न्यास म्हणून धारण केलेली मालमत्ता वाटपात येत नाही. कंपन्यांच्या दिवाळखोरीसाठी २०१६ साली झालेल्या संहितेतही हेच तत्त्व कायम आहे. सेंट्रल बँकेने १९२६ साली लॉकर भाड्याने देणे सुरू केले आणि १९२९ साली मृत्युपत्रे व न्यास सांभाळणारा विभाग काढला. एकाच इमारतीत खिडकीवर भरलेला पैसा हे ऋण आणि तळघरातील कुलूपबंद पेटी हा जणू याज्ञवल्क्याचा उपनिधी!

परंतु सामान्य माणसाला हा फरक कोणी समजावून सांगत नाही. १९६० साली केरळातील पालै सेंट्रल बँक व आपल्या महाराष्ट्रातील अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा सरकारला जाग आली. १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. प्रथम मर्यादा दीड हजार रुपयांची होती, ती २०२० साली पाच लाखांवर गेली. हा विमा बँकांचा आहे. पतसंस्थांना तो नाही.

त्याचे फळ बीडने भोगले. ज्ञानराधा मल्टिस्टेट सहकारी पतसंस्थेत लाखो लोकांचा पैसा होता. २०२३ च्या अखेरीस तो परत मिळणे थांबले आणि २०२४ साली गुन्हे नोंदले गेले. ठेवींचा मोठा भाग कर्जाच्या नावाखाली एका उद्योगसमूहाकडे वळविला गेला, असा अंमलबजावणी संचालनालयाचा आरोप आहे. त्याचा निवाडा न्यायालये करतील. आम्हांस येथे दोषी ठरवावयाचे नाही. मुलीच्या लग्नासाठी राखलेला पैसा, निवृत्तीची पुंजी, ऊसतोडीच्या मजुरीतून मागे टाकलेले चार पैसे, हे सारे लोक ‘ठेव’ म्हणून देतात. कायद्याच्या वहीत मात्र त्यांची नोंद विनातारण कर्ज देणारे धनको अशी होते.

महाराष्ट्राने १९९९ साली ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा केला. संस्थेची मालमत्ता व ठेवींच्या पैशातून घेतलेली मालमत्ता जप्त करावी आणि विशेष न्यायालयामार्फत ती ठेवीदारांत वाटावी, अशी त्यात तरतूद आहे. बारकाईने पाहिले तर पैसा बुडाल्यानंतर कायदा ठेवीला पुन्हा न्यासाचे रूप देऊ पाहतो. ही खटपट योग्यच. परंतु मिसळलेले पाणी पुन्हा वेगळे करणे किती कठीण, हे ठेवीदार जाणतात.

यास्तव पैसा हातावेगळा करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या. हा पैसा संस्था वापरणार की निराळा ठेवणार? वापरणार असेल तर विमा आहे काय? आणि निराळा ठेवणार असेल, तर तो वेगळा आहे हे तपासणारा कोण? इतरांहून चढे व्याज देणाऱ्याला तर हे प्रश्न दोनदा विचारावे. असे विचारण्यात अविश्वास मुळीच नाही. पेटीवर मोहोर करून ती शेजाऱ्याच्या हाती देणारा माणूसही शेजाऱ्यावर विश्वास ठेवीत होता, आणि तरी मोहोर करीत होता.