वर्गाबाहेरची शाळा आणि शिक्षकाची घडण

दिनांक १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर अल्पावधीतच, २००१-०२ मध्ये, केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने देशभरातील जिल्ह्यांसाठी राष्ट्रीय हरित सेना ही योजना सुरू केली. शाळांतून विद्यार्थ्यांची पर्यावरण मंडळे स्थापन करणे आणि त्यांची धुरा वाहणाऱ्या शिक्षकांना प्रशिक्षण देणे, अशी तिची दोन अंगे होती. यातील दुसरे अंग अधिक मोलाचे होय. कारण ज्या शिक्षकाने निसर्ग केवळ पुस्तकात वाचला, तो विद्यार्थ्यांना पुस्तकापलीकडे कसा नेणार?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नव्हता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला. शेती, सूतकताई आणि परिसर यांच्या आधारे शिकवायचे, तर शिक्षकाचे हात आधी मातीला लागले पाहिजेत, हे त्या विचाराने ओळखले. त्या काळी हिंगोलीचा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४८ मध्ये तो मुक्त झाला आणि १९५६ मध्ये मराठवाड्यासह द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

याहून बोलके उदाहरण ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी-कोसबाडचे आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखण्यासाठी दिवसभर रानात असत. ती शाळेत येत नाहीत, असा दोष त्यांना न देता शाळाच कुरणात नेण्यात आली. तीच कुरणशाळा होय. महागड्या शैक्षणिक साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे, पाने हीच साधने झाली. बालशिक्षिकांची घडणही याच वातावरणात झाली. अंगणात भरणाऱ्या त्यांच्या बालवाडीने ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ केला आणि पुढे तो देशभर पोहोचला.

कालांतराने या विषयाला न्यायालयाचे पाठबळ लाभले. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. पुण्यात १९९३ मध्ये भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था स्थापन झाली आणि डॉ. एरच भरुचा यांच्या नेतृत्वाखाली शिक्षक-प्रशिक्षणाच्या कार्याला चालना मिळाली. डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने अभ्यासक्रमाच्या अंमलबजावणीकडे पुन्हा लक्ष वेधले. परंतु आदेशाने विषय वेळापत्रकात येतो. तो मुलाच्या डोळ्यांत उतरवण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते. अन्यथा पर्यावरण हाही पाठांतराचा आणि गुणांचा आणखी एक विषय होऊन बसतो.

म्हणूनच उत्तम शिबिरात शिक्षक काही काळ विद्यार्थी होतो. तो एका झाडाखाली तासभर शांत बसून नोंदी करतो. हातभर चौरस जमिनीवरील गवत व कीटक मोजतो. ओढ्याचे पाणी कोठून येते व कोठे जाते, याचा नकाशा काढतो. जे नाव ठाऊक नाही ते गुराख्याला किंवा शेतकऱ्याला विचारतो. ‘मला माहीत नाही, आपण पाहू या’ असे वर्गात म्हणण्याचे धैर्य त्याला येथेच लाभते.

यासाठी अभयारण्य हवेच असे नाही. हिंगोली जिल्ह्यात सेनगाव, हिंगोली, कळमनुरी अशी वाहत जाऊन पैनगंगेला मिळणारी कयाधू आहे. पूर्णेवरील सिद्धेश्वर जलाशय आहे. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी काळी जमीन म्हणजे मृदाशास्त्राचा उघडा धडा. फाल्गुनात पानांआधी फुलणारा पळस, उघड्या माळावर खड्यांत अंडी घालणारी टिटवी आणि वसमतच्या शिवारातील हळद, हे सारे शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे.

कुरणशाळेने मुलांसाठी भिंत ओलांडली. ती परंपरा पुढे न्यायची, तर प्रथम शिक्षकाने उंबरठा ओलांडला पाहिजे. आणि त्यासाठी त्याला वेळ, सोबत व मोकळीक देणे हे समाजाचे कर्तव्य आहे.