ध्रुवाजवळची कुमुदिनी

शाळेत असताना पिंपळाचं पान पुस्तकात ठेवून त्याची जाळी होण्याची वाट आम्ही बघायचो. पुस्तकंच वर्षभर टिकत नसत, पान कुठलं टिकायला! आज बोलायचं आहे ते दगडात टिकलेल्या पानांबद्दल, आणि तीही थेट आर्क्टिकमधल्या.

१८७५ साली ‘अलर्ट’ आणि ‘डिस्कव्हरी’ ही दोन ब्रिटिश जहाजं कॅप्टन नेअर्स यांच्या हुकमतीखाली उत्तर ध्रुवाकडे निघाली. ध्रुव काही हाती लागला नाही. स्कर्व्हीनं खलाशी खचले, काही दगावले, आणि १८७६ मध्ये मोहीम आवरती घ्यावी लागली. मात्र बरोबर हेन्री फील्डन हे निसर्ग-अभ्यासक होते. एल्समियर बेटावर, जिथं झाड म्हणून उभं नाही तिथं, कोळशाचा थर सापडला आणि त्याच्या शेजारच्या खडकात पानांचे ठसे. माणसं स्लेजवरून उचलून आणावी लागत होती, त्या दिवसांत हे दगडही जहाजावर चढले.

ते पोचले झुरिचला, ओस्वाल्ड हेर यांच्या टेबलावर. आडनाव पाहा, आपल्या भाषेत किती शोभतं! हे हेर शिकले धर्मशास्त्र, झाले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. छातीच्या दुखण्यानं बेजार. ग्रीनलँडहून, स्पिट्सबर्गनहून पेट्या येत आणि हे एकेक पान ओळखत. मॅटरहॉर्न शिखर सर करणारे एडवर्ड व्हिम्पर १८६७ मध्ये ग्रीनलँडला गेले, त्यांचे दगडही इथंच आले. खोदायला, वाहायला ग्रीनलँडची माणसं होती. हेर यांनी एका वनस्पतीला कॅप्टन मॅक्लिंटॉक यांचं नाव दिलं, एका मॅग्नोलियाला कॅप्टन इंगलफील्ड यांचं. ओझं वाहणाऱ्याचं नाव दिलेलं पान काही माझ्या वाचनात आलं नाही.

फील्डन यांच्या दगडांत भूर्ज होता, पाइन होता आणि, हेर यांच्या मते, एक कुमुदिनीही होती. मी इथंच थबकलो. कुमुदिनी म्हणजे न गोठलेलं तळं! आमच्या कवींची कुमुदिनी चंद्राची वाट बघते. हिच्या वाट्याला तर वर्षातले चारेक महिने सूर्यच नव्हता, कारण हा प्रदेश तेव्हाही ध्रुवाजवळच होता. ऊब होती, उजेड नव्हता. तिथली बरीच झाडं पानं गाळून तो काळोख काढत असावीत.

हेर चुकलेही. हे थर त्यांनी मायोसीन काळातले, म्हणजे फार तर सव्वादोन कोटी वर्षांपूर्वीचे मानले. आता ते पाच-सहा कोटी वर्षांपूर्वीचे ठरले आहेत. एकाच झाडाच्या लहानमोठ्या पानांना त्यांनी वेगवेगळी नावं दिली, अशीही टीका झाली. टीकाकारांनी पेट्या पुन्हा उघडल्या, तेव्हा आत तेच दगड होते.

‘फ्लोरा फॉसिलिस आर्क्टिका’ या त्यांच्या ग्रंथाचा सातवा, शेवटचा खंड १८८३ मध्ये निघाला. त्याच वर्षी हेर वारले. आर्क्टिकला ते कधीच गेले नव्हते.