देवळातले भय आणि घरातले भय

चित्रपटातील भय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा परदेशी चेहरे उभे राहतात. १९३१ साली हॉलिवुडमध्ये ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे दोन बोलपट निघाले, आणि बेला लुगोसी व बोरिस कार्लॉफ हे दोन नट एका रात्रीत जगाचे भयदूत झाले. एकाने रक्तपिपासू प्रेत रंगविले, तर दुसऱ्याने स्मशानातील अवयव जोडून घडविलेला देह. दोघांच्याही भयाचे मूळ मनुष्यलोकाच्या सीमेपलीकडे होते. त्यांच्यानंतर तीनच वर्षांनी पुण्यात एका मराठी नटाने प्रेक्षकांचा थरकाप उडविला. परंतु त्याने रंगविलेला पुरुष भूत नव्हता, पिशाच नव्हता. तो एक धर्मनिष्ठ, तपस्वी, आपल्या मते सर्वथैव सदाचारी असा गृहस्थ होता. त्या नटाचे नाव केशवराव दाते.

केशवरावांचा जन्म १८८९ साली रत्नागिरी जिल्ह्यातील आडिवरे येथे झाला. महाराष्ट्र नाटक मंडळी ही त्यांची खरी शाळा. ज्या काळी गाणे हेच नाटकाचे सर्वस्व मानले जाई, त्या काळी या मंडळीने केवळ गद्याच्या बळावर रंगभूमी गाजविली. तेथे आरंभी स्त्रीभूमिका व पुढे पुरुषभूमिका करीत केशवरावांनी शब्दाचे वजन आणि शब्दांमधील विरामाचे सामर्थ्य आत्मसात केले. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने रंगभूमीवर आणलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’ या युगप्रवर्तक नाटकाचे दिग्दर्शनही त्यांचेच. म्हणजे चित्रपटाच्या दारी ते आले तेव्हा चाळिशी केव्हाच उलटून गेली होती, आणि नट म्हणून त्यांना शिकण्यासारखे फारसे उरले नव्हते.

प्रभात कंपनी १९३३ मध्येच कोल्हापूरहून पुण्यास आली. त्याच वर्षी शांताराम ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीस जाऊन तिकडची छायाप्रकाशाची नवी कला पाहून आले होते. पुण्यातील नव्या स्टुडिओतून जो पहिला चित्रपट बाहेर पडला, तो ‘अमृतमंथन’ (१९३४). कथा नारायण हरि आपटे यांची. राजा क्रांतिवर्मा देवीपुढील नरबळी व पशुबळी बंद करतो. चंडीचा उपासक राजगुरू त्यामुळे खवळतो आणि भक्तांकरवी राजाचा वध घडवून आणतो. हिंदी आवृत्तीत राजगुरू झाले चंद्रमोहन, मराठीत केशवराव.

एकच भूमिका, एकच दिग्दर्शक, एकच मंदिर, आणि नट मात्र दोन! अभिनयाची अशी तुलना क्वचितच लाभते. चंद्रमोहन यांचा तो भलाथोरला डोळा संपूर्ण पडदा व्यापून टाकतो, आणि ते चित्र आजही आपल्या चित्रपटाच्या इतिहासातील प्रसिद्ध दृश्यांत गणले जाते. त्या डोळ्याने चंद्रमोहन यांस कीर्ती दिली. पुढे ‘पुकार’मधील जहांगीर, ‘रोटी’तील धनलोभी शेठ अशा भूमिका त्यांनी केल्या, के. आसिफ यांनी ‘मुघल-ए-आझम’मधील अकबरासाठी प्रथम त्यांचीच निवड केली होती. परंतु १९४९ साली, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, ते डोळे मिटले. केशवरावांपाशी तसे निसर्गदत्त नेत्र नव्हते. त्यांनी भय निर्माण केले ते श्रद्धेतून. राजगुरू दुष्ट असून धर्माचे सोंग करतो असे मानले, तर त्याची फारशी भीती वाटण्याचे कारण नाही. सोंग उघडे पडले की काम झाले. पण हा पुरुष सोंग करीत नाही. अखेर पराभूत होताच तो स्वतःचेच मस्तक देवीला अर्पण करतो. दुसऱ्याचा बळी मागणारा स्वतःचाही बळी देण्यास कचरत नाही, हेच त्याचे खरे भयंकरत्व.

अशा यशानंतर नटाच्या कपाळी एक शिक्का बसतो आणि तो जन्मभर राजगुरूच होत राहतो. कार्लॉफ व लुगोसी यांच्या कपाळीचा शिक्का कधी पुसला गेला नाही. केशवरावांचे मोठेपण असे की त्यांनी भयाला देवळातून उचलून आपल्या माजघरात आणून बसविले. १९३७ सालचा ‘कुंकू’ही आपट्यांच्याच कथेवरचा. त्यातील काकासाहेब हे प्रतिष्ठित, विधुर, वयोवृद्ध वकील. फसवून गळ्यात बांधलेली तरुण नीरा त्यांना पती मानण्याचे नाकारते. येथे मशाली नाहीत, चंडी नाही. पार्श्वसंगीतसुद्धा दिग्दर्शकाने वर्ज्य केले आहे. ऐकू येते ते घरातले भिंतीवरचे घड्याळ. शास्त्राने व समाजाने दिलेला अधिकार बजावू पाहणारा हा सभ्य म्हातारा पाहताना प्रेक्षागृहातील किती तरी घरांना आपलाच कोणी आप्त आठवला असेल! राजगुरूला पाहून प्रेक्षक ‘तो’ म्हणे. काकासाहेबांना पाहून त्याला ‘आपण’ म्हणावे लागले.

तथापि केशवरावांनी काकासाहेबांस राक्षस होऊ दिले नाही. आपला अन्याय उमगताच ते खचतात, आणि नीरेस मोकळी करण्यासाठी आत्मनाश पत्करतात. राजगुरूही आपल्या हातांनी मरतो व काकासाहेबही. परंतु पहिला मरतो आपले खरे ठरविण्यासाठी, दुसरा मरतो आपले खोटे होते म्हणून. या दोन मरणांमधील अंतर ज्याला दाखविता आले, त्या नटाला केवळ भयाचा नट कोण म्हणेल?

पुढे ‘शेजारी’त (१९४१) तेच केशवराव जिवबा झाले. मिर्झा या आपल्या मुसलमान मित्राशी दुरावलेला हा खेडूत फुटत्या धरणावर त्याचा हात धरून मरतो. १९७१ साली केशवराव निवर्तले. त्यांनी आपल्याला भिवविले खरे. पण कशाला भ्यावे, हेही शिकविले. भुताला भिऊन मनुष्य शहाणा होत नाही. स्वतःच्या निर्दोषत्वाविषयी कधीच शंका न येणाऱ्या माणसाला, आणि प्रसंगी स्वतःलाही, भिऊन तो होतो.