सहीमागचे हात : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या आरंभीच्या चित्रकारांचा शोध

ग्रंथाचा कर्ता कोण, हे निश्चित करण्यासाठी साहित्याच्या अभ्यासकांनी पिढ्यान्‌पिढ्या श्रम घेतले आहेत. त्याच ग्रंथातील चित्रे कोणी काढली, हा प्रश्न मात्र बहुधा छापखान्याच्या उंबऱ्यावरच सोडून दिला जातो. चित्र मजकुराच्या सेवेला असते, आणि सेवकाचे नाव विचारण्याची रीत नाही, अशी एक अनुच्चारित समजूत त्यामागे असावी. या समजुतीची परीक्षा घेण्यासाठी आम्ही येथे साहित्याच्या रूढ परिघाबाहेरचे एक उदाहरण घेत आहोत. ते आहे एका अमेरिकन खेळाच्या जुन्या पुस्तकांचे. त्यांतील चित्रांचे कर्ते शोधताना हौशी अभ्यासकांपुढे जे प्रश्न उभे राहिले, ते कर्तृत्वनिश्चितीच्या कोणाही अभ्यासकाला परके वाटणार नाहीत.

१९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहान गावातून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे कर्ते. एक जण कथा सांगतो, बाकीचे त्या कथेतील एकेक पात्र होऊन आपण काय करणार ते बोलून दाखवतात, आणि यशापयश फाशांवर सोपवले जाते, असे या खेळाचे थोडक्यात स्वरूप. म्हणजे खेळ घडतो तो बोलण्यातून. कोणी कधीही न पाहिलेला राक्षस टेबलाभोवतीच्या पाचसहा जणांच्या मनात एकाच आकाराने उभा राहायचा, तर पुस्तकातील चित्राचा आधार लागतो. या खेळात चित्र ही शोभेची वस्तू नव्हती. ते कल्पनेचे सामाईक प्रमाण होते.

असे असूनही पहिल्या आवृत्तीतील चित्रे अगदी कामचलाऊ आहेत. एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार, आणि खोकी भरण्याचे काम घरच्या घरी हातांनी, असा तो सगळा व्यवहार होता. टी.एस.आर. या नव्या कंपनीजवळ चित्रकाराला देण्याजोगे पैसे नव्हते. ग्रेग बेल नावाच्या एका तरुणाला लहान चित्रासाठी दोन व मोठ्यासाठी तीन डॉलर देऊ करण्यात आले. कुकी कोरी आणि कीनन पॉवेल यांचीही रेखाटने त्या पुस्तिकांत आहेत. पॉवेल पुढे अलास्कात वकील झाली व रहस्यकथाही लिहू लागली.

पहिल्या खोक्यावर मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्यावरचा एक योद्धा आहे. हे चित्र बेलचे, एवढे समजले म्हणजे शोध संपला असे कोणालाही वाटेल. पण तो तेथे संपत नाही. एप्रिल १९६८ च्या ‘स्ट्रेंज टेल्स’ या चित्रकथा-मासिकाच्या १६७व्या अंकात डॉक्टर स्ट्रेंजची एक कथा आहे. तिची चित्रे डॅन ॲडकिन्सची. त्यांतल्या एका चौकटीतील घोडेस्वार आणि खोक्यावरचा घोडेस्वार शेजारी ठेवून पाहिले, की लगामाच्या ओढीपासून घोड्याच्या पायांपर्यंत सारे जुळते. बेलने ती आकृती उतरवून घेतली होती. त्याच अंकातील आणखीही काही आकृती पुस्तिकांच्या पानांवर ओळखू आल्या आहेत.

येथे नाव शोधण्याच्या कामाचा एक अनपेक्षित गुण लक्षात येतो. आपण नाव शोधतो ते श्रेय देण्यासाठी, असे आपण धरून चाललेले असतो. पण नाव सापडले की खाते उघडते, आणि खात्याला जमा व नावे अशा दोन्ही बाजू असतात. निनावी राहिला असता तर बेल आरोपातूनही सुटला असता. ज्या संशोधनाने त्याला इतिहासात जागा दिली, त्याच संशोधनाने त्याचे ऋणही मांडून दाखवले. गंमत अशी की ॲडकिन्सच्या नावापाशी पोचूनही हिशेब मिटत नाही. इतरांच्या चित्रांतून आकृती उचलण्याबद्दल तो स्वतः त्या व्यवसायात प्रसिद्ध होता.

तरीही बेलला केवळ नक्कलकार म्हणून निकालात काढणे योग्य होणार नाही, असे आम्हांस वाटते. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणी-पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्याने ‘बीहोल्डर’ हा राक्षस काढला आहे. अधांतरी तरंगणारा गोल देह, मध्ये एक प्रचंड डोळा, वर देठांवर आणखी दहा डोळे. ही कल्पना टेरी कुन्ट्झची. नियमांच्या भाषेत ती बसवली गायगॅक्सने. आणि मुखपृष्ठावर तिला डोळ्यांना दिसणारा आकार दिला तो बेलने. पुढच्या दशकांत कितीतरी निष्णात चित्रकारांनी तो राक्षस रंगवला, पण त्या साऱ्यांच्या आधी दोनतीन डॉलरांच्या बोलीवर काम करणारा हा हौशी हात उभा आहे. एकाच चित्रात तीन माणसांचे कर्तृत्व, आणि मालकी चौथ्याचीच.

पुढे खेळाचा व्याप वाढला आणि जाड बांधणीची पुस्तके निघू लागली : १९७७ साली ‘मॉन्स्टर मॅन्युअल’, १९७८ साली ‘प्लेअर्स हँडबुक’, १९७९ साली ‘डन्जन मास्टर्स गाइड’. या पुस्तकांच्या आरंभी चित्रकारांची नावे छापलेली आहेत. पण ही यादी पुस्तकाची असते, चित्राची नसते. अमुक पानावरचे चित्र यादीतल्या कोणाचे, हे वाचकाने ठरवायचे. त्यासाठी पहिला आधार म्हणजे कोपऱ्यातील आद्याक्षरे. येथे योगायोगाने एक गमतीचा गोंधळ झालेला आहे. ‘डन्जन मास्टर्स गाइड’मधील चित्रकारांत डेव्हिड सदरलंड, डेव्हिड ट्रॅम्पियर आणि डेव्हिड लाफोर्स असे तीन डेव्हिड आहेत, आणि केवळ ‘डार्लीन’ या एका नावाने ओळखली जाणारी एक चित्रकर्ती आहे. चौघांचीही नावे इंग्रजी ‘डी’नेच सुरू होतात. लाफोर्स ‘डी.एस.एल.’ अशी अक्षरे घाली; त्यांचा उच्चार करता करता ‘डीझेल’ हेच त्याचे टोपणनाव होऊन बसले. छपाईत पुसटलेल्या अक्षरांपैकी पहिले तेवढे वाचता आले, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. अभंगातील नाममुद्रा ज्यांनी अभ्यासली आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. मुद्रा हा पुरावा खरा, पण एकटा पुरेसा नव्हे; मुद्रा असूनही अभंग प्रक्षिप्त ठरू शकतो.

मग उरतो तो हात. ट्रॅम्पियरच्या चित्रात काळ्या शाईचे मोठे घट्ट पट्टे असतात. प्रकाश आणि अंधार यांची सीमा लाकडी ठशाने उमटवावी तशी तीक्ष्ण. सदरलंडची भिस्त बारीक रेघांच्या छायेवर. त्याच्या माणसांचे अवयव कधी अवघडलेले दिसतात, पण ढाली, चिलखते, पट्टे यांकडे त्याचे लक्ष निष्ठेने असते. टॉम व्हॅमची रेषा व्यंगचित्राकडे झुकणारी. एरोल ओटसची वळणे स्वप्नात पाहिल्यासारखी, पोशाख चमत्कारिक, शरीरे जणू वितळलेली. एकोणिसाव्या शतकात जोव्हान्नी मोरेल्ली या इटालियन पारख्याने असे प्रतिपादन केले होते की चित्रकाराला ओळखायचे तर मुख्य विषयाकडे पाहू नये; कानाची पाळी, बोटांची नखे अशा बेसावधपणे काढलेल्या जागा पाहाव्यात. हे विवेचन १८७४ पासून त्याने एका बनावट रशियन नावाने प्रसिद्ध केले. इतरांची नावे शोधणाऱ्याने स्वतःचे नाव लपवावे, हा त्यातला विनोद जाणूनबुजून केलेलाच असावा.

आपल्याकडील पहाडी चित्रांच्या अभ्यासात याहूनही जवळचा दाखला मिळतो. ती चित्रे पूर्वी संस्थानांच्या नावांनी ओळखली जात : गुलेरची, कांगड्याची, बसोहलीची. बी. एन. गोस्वामी यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांमधून चित्रकारांच्या कुळांच्या नोंदी हुडकल्या, आणि १९६८ साली ‘मार्ग’मधील लेखात दाखवून दिले की शैलीचा आधार राजा नसून चित्रकारांचे घराणे आहे. पंडित सेऊ व त्याचे पुत्र माणकू आणि नैनसुख यांचे कुटुंब त्यातून आपल्यासमोर आले. ‘टी.एस.आर.ची जुनी शैली’ हा शब्दप्रयोगही संस्थानाच्या नावासारखाच आहे. मालकाचे नाव शैलीला चिकटते आणि हात दिसेनासे होतात. नजरेची पारख आणि कागदांचा पुरावा या दोन वाटा एकत्र आल्या म्हणजेच ते हात पुन्हा दिसू लागतात. या खेळाच्या बाबतीत जुने अंक, पत्रव्यवहार आणि हयात चित्रकारांच्या आठवणी हेच पंड्यांच्या वह्यांचे काम करतात. जॉन पीटरसनचा ‘प्लेइंग ॲट द वर्ल्ड’ (२०१२) हा इतिहासग्रंथ आणि त्याने अन्य तिघांसह सिद्ध केलेला ‘आर्ट अँड आर्काना’ (२०१८) हा चित्रग्रंथ अशा कागदांच्या बळावरच उभे आहेत.

या शोधाला केवळ कुतूहलापलीकडचे कारण आहे. अमेरिकेच्या १९०९ च्या आणि त्यानंतर १९७६ च्या स्वामित्वहक्क-कायद्याप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा मालक तर मालकच, पण ‘लेखक’ही मालकच समजला जातो. कर्ता म्हणजे कोण, यावर आपण समीक्षेत एवढा खल करतो. कायद्याने तो प्रश्न एका वाक्यात मिटवून टाकलेला आहे. कागदांची मालकी कंपनीची असली म्हणजे त्यांचे काय करावे हेही कंपनीच ठरवते. १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात जगभरच्या देवतांना खेळाच्या आकड्यांत बसवले होते. त्यांत इंद्र, अग्नी, वरुण, यम हे आपलेही देव होते. त्यातील बरीच चित्रे जेफ डी या अगदी तरुण चित्रकाराची. आपली मूळ चित्रे कंपनीने कचऱ्यात टाकली असे त्याने सांगितले आहे, आणि २०१० साली लोकवर्गणी जमवून त्याने ती छापील पानांवरून पुन्हा काढावयास घेतली. चित्रकाराने स्वतःच्याच चित्राची प्रत करावी, आणि मूळ म्हणून छापील पुस्तक समोर ठेवावे, ही पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना विचार करावयास लावणारी घटना आहे.

नाव मिळवून देणे हे नेहमीच उपकाराचे कृत्य असते काय, हा प्रश्न ट्रॅम्पियरच्या चरित्राने उभा केला आहे. ‘प्लेअर्स हँडबुक’चे मुखपृष्ठ त्याचे : एका राक्षसी मूर्तीच्या डोळ्यातील रत्न दोघे चोर उचकटून काढीत आहेत, आणि खाली त्यांचे सोबती आपल्या उद्योगात गुंतले आहेत. १९७७ पासून ‘ड्रॅगन’ मासिकात त्याची ‘वर्मी’ ही चित्रकथा येत असे. एप्रिल १९८८ च्या अंकानंतर ती कथेच्या मध्येच थांबली. पाठवलेले धनादेश न उघडता परत आले. तो मरण पावला असावा, असेही काहींनी धरून टाकले. २००२ साली इलिनॉय राज्यातील कार्बनडेल येथील विद्यापीठाच्या विद्यार्थी-दैनिकात रात्रपाळीच्या एका टॅक्सीचालकावर लेख आला, छायाचित्रासह. तो टॅक्सीचालक म्हणजे ट्रॅम्पियर होता. वाचकांना आनंद झाला. त्याला मात्र जुन्या क्षेत्रात परतायचे नव्हते, आणि ते त्याने स्पष्ट केले. पुढे एका स्थानिक खेळमेळाव्यात आपली काही मूळ चित्रे मांडण्यास त्याने संमती दिली. पण तो मेळावा भरण्यापूर्वीच, मार्च २०१४ मध्ये, त्याचे निधन झाले.

चित्राचा कर्ता ओळखणे आणि माणसाला हुडकून काढणे ही दोन भिन्न कामे आहेत, हे या कहाणीवरून उघड व्हावे. पहिले काम आपला हक्क आहे, कारण छापलेले चित्र सर्वांचे असते. दुसऱ्या कामात समोरच्याची संमती लागते. पानाच्या कोपऱ्यातील तीन अक्षरे सोडून जो माणूस रात्रीची टॅक्सी चालवू लागला, त्याने आपले नाव चित्रांपाशीच ठेवले होते. ते तेथे वाचावे; त्याच्या दारापर्यंत नेऊ नये.

आणि काही नावांपर्यंत पोचण्याची वाटच नसते. ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधील ‘रस्ट मॉन्स्टर’, ‘बुलेट’ आणि ‘आउलबेअर’ हे तीन राक्षस स्वस्त दुकानात मिळणाऱ्या, हाँगकाँगमध्ये तयार झालेल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून सुचलेले आहेत. गायगॅक्सने ती खेळणी आपल्या लढायांत वापरली, मग त्यांना नावे आणि नियम मिळाले, आणि चित्रकारांनी त्यांना कागदावर आणले. पण ज्या कारागिराने त्या विचित्र देहांचा पहिला साचा घडवला, त्याची ना सही आहे ना आद्याक्षरे. पाकिटावर फक्त गावाचे नाव.

म्हणून चित्राखाली एकच नाव लिहिण्याच्या रिवाजाबद्दल आम्ही साशंक आहोत. पहिल्या खोक्यावरील घोडेस्वाराची नोंद आमच्या मते अशी असावी : रेखन ग्रेग बेल, आकृती डॅन ॲडकिन्सच्या १९६८ च्या चित्रावरून, मोबदला दोनतीन डॉलरांच्या दराने, हक्क कंपनीचा. रस्ट मॉन्स्टरच्या नोंदीत एक जागा मोकळी सोडावी, आणि ‘हाँगकाँगचा कारागीर’ एवढे शब्द तेथे लिहावेत. नोंद थोडी लांबते हे खरे. पण ती वाचणाऱ्या विद्यार्थ्याला चित्र कसे जन्मले हे कळते, आणि पुढचा दुवा कोठे शोधायचा हेही.