अवधान मागताना : चंचल मुलाच्या निदानाची कथा

शाळेच्या बहुतेक वर्गांत असा एखादा मुलगा असतोच. त्याची पेन्सिल हरवलेली असते, गणित अर्ध्यावर सुटलेले असते, आणि गुरुजींचा प्रश्न पुरा होण्याआधीच याचे उत्तर तोंडातून निसटलेले असते. घरी आपण त्याला द्वाड म्हणतो, शेजारी वांड म्हणतात, आणि प्रगतिपुस्तकात 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' असा शेरा पडतो. या शेऱ्यात एक निवाडा दडलेला आहे : याने मनात आणले, तर याला लक्ष देता येईल. आपल्या कीर्तन-प्रवचनांतही श्रोत्यांकडे अवधान मागण्याची जुनी चाल आहे. जे मागावयाचे, ते समोरच्याजवळ असते, असे आपण धरूनच चालतो. ते जवळच नसेल तर? या एका प्रश्नाचा इतिहास आज आपणांस पाहावयाचा आहे.

मेल्खिओर आडाम वायकार्ट या जर्मन वैद्याने १७७५ साली या अनवधानाचा विचार केला, तेव्हा त्याने बराचसा दोष संगोपनावर टाकला. थंड पाण्याचे स्नान, घोड्यावरची रपेट आणि फारच चळवळ्या माणसाला अंधारात एकांतवास, असे त्याचे उपाय होते. पुढे १७९८ साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टराने निराळे सांगितले. एका विषयावर मन न ठरणे हे काहींत जन्मजात असते, काहींत आजारातून येते, आणि वय वाढते तसे ते बहुधा कमी होते, असे त्याचे निरीक्षण होते. शंभर वर्षे या निरीक्षणाकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही.

१९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या बालरोगतज्ज्ञाने व्याख्याने दिली. बुद्धीने धड असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या वीस मुलांची हकीकत त्याने सांगितली. त्यांत पंधरा मुलगे होते आणि पाच मुली. शिक्षा झाली तरी काही तासांतच ही मुले तोच अपराध पुन्हा करीत. छडी येथे निष्फळ आहे, हे एका डॉक्टराने भरसभेत सांगितले, ही मोठीच गोष्ट होती. तरीही त्याने या अवस्थेला नाव दिले ते 'नैतिक नियंत्रणातील उणीव' असे. मूल आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर आले खरे, पण न्यायालयाच्या दारातच उभे राहिले.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूदाहाची साथ युरोप-अमेरिकेत पसरली. तीतून वाचलेली काही शांत मुले एकाएकी अनावर झाली. संस्कार तेच, आईबाप तेच, मग बदलले काय? मेंदू! या साथीने तो जुना निवाडा प्रथम खिळखिळा केला.

औषध मात्र सापडले ते अपघाताने. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एमा ब्रॅडली ही सात वर्षांची मुलगी मेंदूदाहाने कायमची अपंग झाली. तिच्या आईवडिलांनी मागे ठेवलेल्या संपत्तीतून १९३१ साली मुलांचे रुग्णालय उभे राहिले. तेथे डॉ. चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूची क्ष-किरण छायाचित्रे घेत. त्यासाठी पाठीच्या कण्यातून द्रव काढावा लागे, आणि मग मुलांचे डोके असह्य दुखे. त्यावर त्यांनी बेन्झेड्रीन हे उत्तेजक देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण मुले अभ्यासाला बसू लागली! १९३७ साली त्यांनी तीस मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी चौदा मुलांची शाळेतील प्रगती लक्षणीय होती. औषध थांबताच गुणही थांबे. मुलांनी त्या गोळीला 'गणिताची गोळी' असे नाव दिले. जे मूल लक्ष देत नाही म्हणून आपण रागावत होतो, त्याला ते देता आल्याचा आनंद या नावात आहे.

मेथिलफेनिडेट हे औषध १९४४ साली बाझेलच्या सिबा कंपनीत लेआंद्रो पानिझ्झोन यांनी तयार केले. पत्नी रीटा हिच्या नावावरून त्याला 'रिटालिन' म्हटले गेले. रोगाचे नाव मात्र बदलतच राहिले. आधी 'मेंदूची अल्पशी इजा' म्हटले. इजा दिसेना, तेव्हा 'अल्पसा बिघाड' म्हटले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात १९६८ साली अतिचंचलतेला स्थान मिळाले, १९८० साली भर अवधानावर आला, आणि १९८७ साली दोन्ही जोडून आजचे 'एडीएचडी' हे नाव रूढ झाले. स्वस्थ बसणाऱ्या, पण मनाने वर्गाबाहेर गेलेल्या मुलींकडे लक्ष जाण्यास या बदलाने वाट मिळाली.

आजही रक्ताची एखादी तपासणी करून हे निदान होत नाही. २०१३ च्या निकषांप्रमाणे मुलांत नऊपैकी निदान सहा लक्षणे सहा महिने दिसावी लागतात. त्यांतील काही बारा वर्षांच्या आत दिसलेली असावीत, घरी आणि शाळेत अशी किमान दोन ठिकाणी आढळावीत, आणि त्यांनी आयुष्यात खरोखर अडथळा आणलेला असावा. नुसते खोडकर मूल या चाळणीत अडकू नये, म्हणूनच ती इतकी बारीक आहे. उपचारांतही सबुरी हवी. अगदी लहान मुलांसाठी आधी आईवडिलांना वागणुकीचे शिक्षण द्यावे, असे तज्ज्ञ सांगतात. अमेरिकेतील ५७९ मुलांच्या पाहणीत, १९९९ साली, काटेकोर औषधोपचार मुख्य लक्षणांवर सरस ठरला. परंतु तीन वर्षांनंतर पाहता निरनिराळ्या उपचारांमधील तो फरक उरला नव्हता. गोळीने भूक मंदावते, झोप उडते, म्हणून डॉक्टरांची देखरेख सुटता कामा नये.

तेव्हा गोळीला जादू समजणे ही एक चूक, आणि छडीला औषध समजणे ही तिच्याहून जुनी चूक. या इतिहासातून आम्ही एवढेच घेऊन जावे, असे आम्हास वाटते : मुलाकडे अवधान मागण्याआधी आपले अवधान त्याला द्यावे. ते का देत नाही, हे विचारण्यापूर्वी ते देऊ शकते का, हे पाहावे. हा प्रश्न नीट विचारायला माणसाला दीड-दोन शतके लागली. आपल्या घरातल्या मुलाला तेवढी वाट पाहावयास लावू नये.