हरलेल्यांनी पाळलेला कौल

या भागात जे बोललो तेच इथे जरा नीट करून लिहितोय. बोलण्याच्या ओघात काही आकडे आणि तारखा राहून गेल्या होत्या, त्याही घातल्या आहेत.

ब्रेक्झिटवरच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. लोकांनी कौल दिला, ठीक. पण ज्यांना तो कौल नकोच होता असे पुढारी खुर्चीवर असतील तर? ते का म्हणून अंमलबजावणी करतील? ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ ला मतदान झालं आणि देश प्रत्यक्ष बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० ला. मधली साडेतीन वर्षं याच प्रश्नात गेली.

उत्तर शोधायला मला लंडनपर्यंत जावं लागलं नाही. माझं गाव सावंतवाडीजवळ, आणि माझी आत्या दिलेली पेडण्यात. म्हणजे गोव्यात. तिच्या घरात एका कौलाने वर्षभर अबोला धरला होता. तोच कौल आज सांगायचाय. तारीख १६ जानेवारी १९६७.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि दमण-दीवसकट केंद्रशासित प्रदेश बनला. लगेच वाद उभा राहिला, पुढे काय? महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने, म्हणजे मगोने, विलीनीकरणाचाच झेंडा घेऊन सगळ्यात जास्त जागा जिंकल्या. दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. समोर होता डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष, १२ जागांसह.

हा वाद फक्त भाषेचा होता असं आपल्याकडे सर्रास मानतात. तसा तो नव्हता. मगोच्या मागे कूळ आणि मुंडकार होते, भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेला बहुजन समाज होता. त्यांना महाराष्ट्र म्हणजे कूळकायदा, मराठी शाळा आणि नवी सत्ता वाटत होती. विरोधात ख्रिस्ती समाज तर होताच, पण कोकणीवर प्रेम करणारे हिंदूही होते. गंमत बघा, विलीनीकरणाविरुद्धची धारदार लढाई एका मराठी दैनिकातून लढली गेली. मडगावचं 'राष्ट्रमत', संपादक चंद्रकांत केणी, आणि त्यात उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर. मराठी वाचणाऱ्या माणसाला मराठीतूनच सांगितलं जात होतं, की बाबा, विलीन होऊ नकोस.

बांदोडकरांचं म्हणणं सरळ होतं. निवडणूक जिंकली, विधानसभेने १९६५ मध्ये विलीनीकरणाचा ठराव केला, आता आणखी काय विचारायचं? सिक्वेरांचं म्हणणं होतं, की सरकार निवडणं वेगळं आणि आपल्या भूमीचं भवितव्य ठरवणं वेगळं. लोकांना थेट विचारा. शेवटी डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी खास कायदा केला. कायद्यात शब्द होता 'ओपिनियन पोल'. मतदारांची इच्छा जाणून घेण्यासाठी, एवढंच. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार घटनेच्या कलम ३ प्रमाणे संसदेकडेच राहतो. म्हणजे कागदावर बघितलं तर लोकांनी काहीही सांगितलं तरी पुढाऱ्यांना पळवाट शिल्लक होती.

मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. आत्याचं घर कुळाचं. ती आणि तिचे यजमान फुलाचे. पेडणे तालुकाच मुळी फुलाचा. पण धाकटे दीर पणजीत सरकारी कचेरीत कारकून होते. महाराष्ट्रातून डेप्युटेशनवर आलेले साहेब त्यांच्या टेबलाशी येऊन बसलेले त्यांनी पाहिले होते. उद्या आपण मुंबईहून चालणारा एक जिल्हा झालो तर बढतीचं काय, ही त्यांची साधी काळजी. त्यांनी घरात कुणाला न सांगता पानांवर शिक्का मारला, आणि निकालानंतर एका रात्री जेवताना सांगून टाकलं. त्या वर्षी चवथीला ते घरी आले नाहीत.

निकाल असा लागला. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. टक्केवारीत सुमारे ५४ विरुद्ध साडेत्रेचाळीस, उरलेली मतं बाद. साधारण सतरा हजार माणसं इकडची तिकडे गेली असती तर आज पणजी महाराष्ट्रातलं जिल्ह्याचं ठिकाण असतं. इतका जवळचा सामना होता. सासष्टीने एकीकडे ओढलं, पेडण्याने दुसरीकडे.

आता खरी गोष्ट सुरू होते. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. कोण जिंकलं? मगो. १६ जागा. युनायटेड गोवन्सना पुन्हा १२. एप्रिलमध्ये बांदोडकर परत मुख्यमंत्री. म्हणजे ज्या पक्षाचा मुख्य मुद्दा लोकांनी नाकारला, त्याच पक्षाकडे लोकांनी सरकार दिलं. आत्याच्या दिरांनी जानेवारीत पानांवर शिक्का मारला होता आणि मार्चमध्ये मगोच्या सिंहावर. नंतर मी त्यांना याबद्दल विचारलं तर म्हणाले, 'भाऊ आमचेच. पण भाऊंनी गोव्यातच राहून राज्य करावं.' अशा किती जणांनी केलं असेल ते मोजता येत नाही, पण दोन निकाल शेजारी ठेवले की ते दिसतात.

दिल्लीतही परिस्थिती नाजूकच होती. कौल घेतला गेला तेव्हा केंद्रीय गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. संयुक्त महाराष्ट्राचा मंगल कलश आणणारे चव्हाण. पणजीत मगो आणि दिल्लीत महाराष्ट्राचा गृहमंत्री, कौल गुंडाळून ठेवायला आणखी काय लागतं?

तसं जगात झालेलं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. ८ एप्रिल १९३३ ला तिथल्या लोकांनी ऑस्ट्रेलियातून फुटून निघायच्या बाजूने मत दिलं, जवळजवळ दोनास एक. त्याच दिवशी राज्याची निवडणूकही होती. तीत लोकांनी फुटण्याच्या बाजूचं सरकार पाडलं आणि फुटण्याच्या विरोधातला मजूर पक्ष निवडून दिला. प्रीमियर मिचेल तर स्वतःच्या मतदारसंघातही हरले. नव्या सरकारने अर्ज लंडनला पाठवला खरा, पण १९३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने तो दाखलच करून घेता येणार नाही असं सांगितलं. विषय तिथेच संपला. गोव्यासारखीच जुळणी, निकाल एकाचा आणि सत्ता दुसऱ्याची, पण शेवट उलटा.

मग गोव्यात कौल का टिकला? एक कारण फारसं गौरवाचं नाही, पण खरं आहे. कौल 'आहे तसं राहू द्या' असा होता. तो पाळायला कुणाला काही करावं लागत नव्हतं, फक्त काही न करता बसायचं होतं. पर्थमधल्या कौलाला नवा देश उभा करावा लागला असता.

पण तेवढ्यावर भागत नाही. काही न करणंही हरलेल्या माणसाला सोपं नसतं. दुसऱ्यांदा मतदान मागता आलं असतं, विधानसभेत पुन्हा ठराव करता आला असता, संख्या होती. पण पुन्हा मतदान झालं नाही. बांदोडकर १९७३ मध्ये जाईपर्यंत केंद्रशासित गोव्याचे मुख्यमंत्री राहिले. मला याची दोन कारणं वाटतात. खेळ त्यांच्याच राजीनाम्यानंतर खेळला गेला होता, त्यामुळे तो खोटा होता असं म्हणायला तोंड नव्हतं. आणि हरूनही त्यांच्या हातात काहीतरी उरलं होतं. कूळकायदा, गावोगावच्या मराठी शाळा, सरकार. ज्या कारणांसाठी लोकांना महाराष्ट्र हवा होता, त्यातलं बरंचसं गोव्यात राहूनच करता येणार होतं. सगळंच गमावलेला माणूस निकाल मानत नाही. थोडं हाती उरलेला मानतो.

याच महिन्यांतली दुसरी गोष्ट आपल्याला जास्त बोचते. बेळगावसाठी ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला आणि महाराष्ट्राने तो फेटाळला. २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. बेळगावात एका न्यायमूर्तींनी ठरवलं, गोव्यात लोकांनी. गोव्याचा वाद त्या अर्थाने मिटला, बेळगावचा आजही पेटतो.

एक हिशेब मात्र जिंकलेल्यांच्या बाजूने राहिलाच. मतपत्रिकेवर 'स्वतंत्र राज्य' असा पर्याय नव्हता, पण दोन पानांवर शिक्का मारणाऱ्या अनेकांच्या मनात शेवटी तेच होतं. त्याला वीस वर्षं लागली. मधे भाषेचं आंदोलन झालं, माणसं गेली, फेब्रुवारी १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली आणि ३० मे १९८७ ला गोवा देशाचं पंचविसावं राज्य बनलं. म्हणजे 'विलीन करू नका' हा अर्धा कौल पुढाऱ्यांनी लगेच पाळला. उरलेला अर्धा लोकांना त्यांच्याकडून ओढून घ्यावा लागला.

आत्या अजूनही फुलाचीच आहे. मी एकदा तिला विचारलं, वाईट नाही वाटलं का? आमच्याकडे देवाला कौल लावतात, उजवा किंवा डावा पडतो. ती म्हणाली, 'कौल लावलो, मगे तो मानूकच व्हयो.' मग थोडं थांबून म्हणाली, की त्या वर्षी चवथीला दिरांना बोलावणं पाठवायला हवं होतं. पुढच्या वर्षी ती स्वतः पणजीला जाऊन त्यांना घेऊन आली.

तुमच्या घरात १६ जानेवारी १९६७ ची आठवण असलेलं कुणी असेल, फुलाचं किंवा पानांचं, तर त्यांच्याशी बोलून ती टिपून ठेवा. तेव्हा एकविशीत मतदान करणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. भेटू पुढच्या भागात.