तालमीचा मुहूर्त

आपल्या पंचांगकर्त्यांनी माणसाच्या आयुष्यातली फारशी गोष्ट मुहूर्तावाचून सोडलेली नाही. बारसे, उष्टावण, जावळ, मुंज, लग्न, गृहप्रवेश, सगळ्यांना घटिका-पळे नेमून दिलेली आहेत. आम्हा धर्माबादकरांना तर अक्षरारंभासाठी लांब जावेच लागत नाही. निजामाबादकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की लगेच गोदावरीकाठी बासर येते. तिथे सरस्वतीच्या देवळात वसंतपंचमीला आईबापांची अशी झुंबड उडते, की विद्येच्या देवतेलाही क्षणभर वाटावे, आपण बाजारात तर नाही ना? १९५६ पर्यंत धर्माबाद आणि बासर एकाच हैदराबाद राज्यात होते. पुढे भाषावार प्रांतरचनेने मधे सीमा आली, बासर आंध्रात आणि पुढे तेलंगणात गेले. पण आमच्या मुलांची पहिली अक्षरे अजूनही तिथेच उमटतात.

अक्षराचा मुहूर्त असा ठरलेला आहे. तालमीचा मात्र कोणत्याही पंचांगात सापडत नाही. माझ्या पुतणीने मध्यंतरी मला विचारले, "काका, मुलीला सहावे लागले. कराटेच्या वर्गाला घालू का? की लहान आहे अजून?" इतिहासाची आवड असलेल्या माणसाला असा प्रश्न विचारणे धोक्याचे असते. साधे हो किंवा नाही मिळण्याऐवजी तिला कौटिल्यापासूनची कथा ऐकावी लागली. ती तिने सोसली. आता दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांनीही थोडी सोसावी.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजपुत्राच्या शिक्षणाचा क्रम सांगितला आहे. जावळ झाले, की मुलाने लिपी आणि अंक शिकावेत. मुंजीनंतर वेद, तत्त्वविचार, अर्थव्यवहार आणि दंडनीती यांचा अभ्यास करावा. क्षत्रियाची मुंज स्मृतिकारांनी अकराव्या वर्षी सांगितली आहे, हे इथे ध्यानात घ्यावे. दिवसाचा पूर्वार्ध हत्ती, घोडे, रथ आणि शस्त्रे यांच्या शिक्षणात घालवावा. उत्तरार्ध इतिहास ऐकण्यात. म्हणजे सकाळी ज्या हाताने तलवार धरायची, त्या हाताच्या मालकाने दुपारी ती पूर्वी कोणी, कशासाठी उपसली आणि त्याचे पुढे काय झाले, हे ऐकायचे. आणखी एक गंमत अशी, की या सगळ्या शिक्षणाला कौटिल्याने वापरलेला शब्द आहे 'विनय'. मराठीत आपण त्याचा अर्थ नम्रता एवढाच उरवला. मुळात त्यात वळण लावणे, शिस्त लावणे हा अर्थ आहे. शस्त्र शिकायचे ते वळण लागावे म्हणून, अशी ही जुनी समजूत.

यानंतर हजारावर वर्षांनी आपल्या शेजारीच एक राजा हा विषय पुन्हा हाती घेतो. लातूरच्या सीमेपलीकडे बसवकल्याण आहे. तीच चालुक्यांची कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. जुन्या मराठीच्या काही ओळी त्यात सापडतात, म्हणून आपले भाषापंडित त्याचे नाव आदराने घेतात. त्यातच 'मल्लविनोद' नावाचे प्रकरण आहे. राजाने मल्लांची वर्गवारी केली आहे ती वय, अंगयष्टी आणि ताकद पाहून. त्यांनी मेहनत कशी करावी आणि खावे काय, हेही तो सांगतो: डाळी, मांस, दूध, साखर, शिवाय उत्तम मिठाई. फराळाच्या ताटावर बसलेल्या पैलवानांना यापेक्षा थोर आधार कोणता हवा? पण माझे लक्ष त्या वर्गवारीकडे जाते. नऊशे वर्षांपूर्वीच्या राजालाही कळत होते, की सगळ्या शरीरांना एक माप लावता येत नाही.

आता आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, नांदेडला येऊ. गुरू गोविंदसिंग १७०८ साली इथेच गोदावरीकाठी निवर्तले. हजूर साहिबचा हल्लाबोल ज्यांनी पाहिला असेल, त्यांना शस्त्रे हाती घेतलेली शीख मुले आठवतील. लहानग्याच्या हाती शस्त्र शोभते, हे त्या मिरवणुकीत मान्य करावेच लागते. पण गुरूंच्या चरित्रातली वर्षे मोजून पाहावीत. १६६६ चा जन्म. १६७५ मध्ये, नवव्या वर्षी, वडील तेगबहादुरांच्या बलिदानानंतर गुरुपद आले. पहिली मोठी लढाई भंगाणीची, १६८८ च्या सुमाराची. गादी आणि रणांगण यांच्यामध्ये बारातेरा वर्षे आहेत, आणि ती भाषा, काव्य, घोडदौड, शिकार आणि शस्त्राभ्यास यांत गेली आहेत. ज्याच्यावर संकट साक्षात चालून आले होते, त्यालाही तयारीला इतका काळ लागला.

त्यांच्या थोरल्या दोन मुलांना चमकौरच्या वेढ्यात लढता लढता मरण आले. धाकटा जुझारसिंग तेव्हा चौदाच्या आसपास होता. ती वेळच तशी होती. तिला शिक्षणाचा आदर्श म्हणता येत नाही. आणि त्याहून लहान दोघे, जोरावरसिंग आणि फतेहसिंग, एक नऊच्या आणि एक सातच्या घरातला, पकडून सरहिंदला नेले गेले. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. तरी ते वाकले नाहीत. धैर्य आधी येते आणि शस्त्र मागून, याचा इतका दुःखद दाखला दुसरा नसेल. शीख रहत मर्यादेत अमृतदीक्षेसाठी वर्षांचा आकडा दिलेला नाही; दीक्षा घेणारा अगदी लहान नसावा, त्याला समज आलेली असावी, एवढेच म्हटले आहे. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

तालमीच्या वस्तादांनी हेच शहाणपण लाकडात आणि कातड्यात उतरवले. शिखांचा गतका आणि आपला फरीगदका हे भाऊभाऊ. दोन्हींत तलवारीच्या जागी काठी असते आणि अंगाला ढाल. चूक झाली तर वळ उठावा, हात जाऊ नये. मल्लखांब त्याहून पुढचा. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नावारूपाला आणली. निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्यात आव्हान देत आले आणि बाळंभटदादांनी मल्लखांबाच्या मेहनतीवर अलीला चीत केले, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका असो, योजना मात्र नामी आहे. मुलाचा पहिला प्रतिस्पर्धी कोण, तर एक खांब! तो उलटून मारत नाही, चिडवत नाही, हरल्याचे दुःख करत नाही. आणि मुलाला स्वतःचेच वजन ओळखायला लावतो.

या सगळ्या सावकाशीला छेद देणारा एक काळ आमच्या भागाने पाहिला. निजामी राजवटीत सभा भरवायला जशी परवानगी लागे, तशी आखाडा काढायलाही लागे. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहामागे ज्या तक्रारी होत्या, त्यांत हीही एक होती. पुढे रझाकारांच्या दिवसांत गावोगाव लोकांनी लाठ्या हाती घेतल्या. १९४८ च्या जानेवारीत आमच्या शेजारच्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पोलीस कारवाईने ते पर्व संपले. त्या काळी कोणी आईबाप मुलाच्या वयाचा हिशेब करत बसले नसतील. भीतीच दाराशी येऊन उभी होती. पण लाठी घेऊन दारात उभे राहायचे ते मोठ्यांनी, आणि तेही अशासाठी, की आतल्या पोरांवर ती वेळ येऊ नये.

पुतणीशी बोलता बोलता खरी गोष्ट बाहेर आली ती इथेच. वर्गातला एक मुलगा तिच्या मुलीला रोज ढकलत होता. कराटे हवे होते ते त्याच्यासाठी. मी तिला म्हटले, "बाई, त्याचा बंदोबस्त तू करायचा. शिक्षकांना भेट, त्याच्या आईला भेट. सहा वर्षांच्या मुठीवर आपले काम सोपवू नकोस." आपली भीती मुलाच्या अंगात घालून त्याला आखाड्यात उतरवले, तर तो दुसऱ्याला हरवायला शिकेल; स्वतःला सावरायला शिकणार नाही.

आजचे वैद्यकही घाई करू देत नाही. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते आणि ती किशोरवयाच्या उत्तरार्धापर्यंत पुरती हाड होत नाही. तिथे मोठा मार बसला तर हाडाची वाढ बिघडू शकते. ज्या जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्यूदोची शाळा काढली, तिथल्या ज्यूदो महासंघाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळकरी मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. मोठ्यांचा जिंकण्याचा हव्यास मुलांवर लादला जात होता म्हणून. आपल्याकडे खाशाबा जाधवांचे उदाहरण आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, वडीलच कुस्तीगीर, त्यामुळे लाल माती लहानपणीच अंगाला लागली. पण हेलसिंकीचे कांस्यपदक आले ते १९५२ मध्ये, सव्विसाव्या वर्षी. माती लवकर लागली म्हणून फळ लवकर पिकत नाही.

मग मुहूर्त कोणता? मी पुतणीला तीन खुणा सांगितल्या. खेळाच्या ऐन रंगात "थांब" म्हटले, की मूल थांबते का? पडले, हरले, तर रडून झाल्यावर पुन्हा उभे राहते का? आणि जायची हौस त्याची स्वतःची आहे, की आपली? तिन्हींना हो आले, तर सहाव्या वर्षीही पाठवावे. पण धावायला, कोलांट्या मारायला, पडावे कसे हे शिकायला आणि नमस्कार करायला. ठोसे, झुंजी आणि पदके यांना दहा-अकरा वर्षांपर्यंत थांबवता येते, आणि जुन्या लोकांचा अकराचा आकडा इथे वाया जात नाही. वस्ताद पारखावा तोही याच कसोटीवर: तो मारायला आधी शिकवतो, की थांबायला?

बाकी दुपारचा इतिहास तेवढा विसरू नये. तो घरीच सांगता येतो, आणि त्याला पंचांग लागत नाही.